त्या टोकाला म्हणावं

“सासऱ्यांपुढं तोंड उघडायचं नाही. अगदीच अडलं तर भिंतीला सांग, खांबाला सांग, दाराच्या कडीला सांग. ज्यानं ऐकायचं तो ऐकतो.”

सासरी निघताना आईनं एवढंच सांगितलं होतं आणि डोक्यावरून हात फिरवला होता. सुनेनं तो शब्द असा पाळला, की बायका उपासतापासही इतक्या काटेकोरपणे पाळत नसतील. सासू होती तोवर काही अडलं नाही. सासू मधे उभी राहून इकडचा निरोप तिकडं करायची, वर पदरची दोन वाक्यं घालून तो गोडही करायची. सासू गेली आणि हे टपालाचं काम नवऱ्याकडं आलं.

घर दोर वळणाऱ्यांचं. घरामागं झाडांच्या सावलीत एक लांबलचक, सरळ, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली पट्टी होती. घरात तिला नुसतं ‘वाट’ म्हणत. वाटेच्या एका टोकाला लाकडी चाक. ते मामंजी फिरवायचे. दुसऱ्या टोकाला कमरेला अंबाडीचा वाख गुंडाळून नवरा उभा राहायचा आणि चाकाच्या आकड्याला धागा अडकवून, वाख बोटांनी सोडत सोडत, उलट्या पावलांनी मागं मागं जायचा. सून वाख भिजवायची, झोडपायची, विंचरायची. दावी, कासरे, विहिरीचे नाडे, सगळं या एका वाटेवर जन्माला यायचं.

यंदा नेमका सगळ्यात मोठा कामाचा महिना लागला आणि नवरा झाडावरून पडला. पलीकडच्या नदीवरच्या नाववाल्यानं नावा बांधायचे जाड दोर सांगितले होते. नदी फुगायच्या आत हवे होते. आणि ह्याचा खांदा निखळलेला, हात गळ्यात बांधलेला, तोंडावर अपराधी हसू.

“आता वाख कोण धरणार?” मामंजींनी छताकडं बघून विचारलं.

सुनेनं कोपऱ्यातल्या केरसुणीला सांगितलं, “म्हणावं, मी धरते.”

नवरा बाजेवरून म्हणाला, “ती धरते म्हणते.”

“ऐकलं मी,” मामंजी म्हणाले. “मी काय बहिरा आहे?”

पहिले दोन-तीन दिवस नवरा वाटेच्या मधोमध बाज टाकून पडला आणि निरोप पोचवत राहिला. “बाबा म्हणतात वाख सैल सोड.” “ती म्हणते चाक दमानं फिरवा.” “बाबा म्हणतात दमानंच फिरतंय.” “ती म्हणते... काही म्हणत नाही, नुसती बघतेय.” शेवटी तो वैतागला. “अरे, मी माणूस आहे का घुबडासारखा मान फिरवायला ठेवलेला? खांदा गेलाच आहे, आता मानही जाईल.” आणि उठून, दुखरा हात सांभाळत, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

मग उरली बकरी. सुनेच्या टोकाला, सावलीत, खुंट्याला बांधलेली.

“बकरे, म्हणावं पीळ जास्त बसतोय,” सून मोठ्यानं म्हणायची. वाट लांब, आवाज चढवावाच लागायचा.

“चाका,” तिकडून मामंजी ओरडायचे, “त्या टोकाला म्हणावं, पीळ बसतोय तो बसू दे. नावेला बांधायचाय दोर, वेणीला नाही.”

“बकरे, म्हणावं बरं.”

येणारे-जाणारे थांबून ऐकायचे. नाववाला एकदा काम बघायला आला तर हसून हसून त्याला ठसका लागला. “दादा,” तो मामंजींना म्हणाला, “मजुरी बकरीच्या हातात देऊ का? सगळं काम तीच बघते तुमच्याकडं.” मामंजी हसले नाहीत. पण त्यांच्या मिशीची टोकं हलली, हे सुनेला एवढ्या लांबूनही दिसलं.

मामंजी काही कडक माणूस नव्हते. कधी ताटाला नाव ठेवलं नाही, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. ती आजारी पडली तेव्हा दाराबाहेर गरम पाण्याचा तांब्या ठेवून भिंतीला म्हणाले होते, “म्हणावं, निजून राहा.” बोलायचं नाही हा मान होता. तीही मानानंच बोलत नव्हती. एकमेकांचा मान राखता राखता दोघांना एकमेकांचा आवाज तेवढा पाठ झाला होता, चेहरा मात्र नीट माहीत नव्हता. पहाटे दिवा लावून हात जोडताना सून देवाशी घडाघडा बोलायची. काल काय झालं, आज काय हवंय, सगळं. मामंजींशी बोलायला बकरी लागायची, देवाशी बोलायला मधे कुणी लागत नव्हतं.

एका सकाळी मोठा पेड वळत होते. तीन पेड झाले की एक दोर, आणि हा तिसरा. वाख छान ओलसर होता, सून उलट्या पावलांनी शेवटापर्यंत आली होती. तिकडं बघते तो मामंजींच्या सदऱ्याची सुटलेली बाही आकड्याजवळ लोंबत होती. एक गिरकी आणि बाहीचं टोक पेडात शिरलं.

“बकरे! म्हणावं बाही! बाही!”

बकरीनं “में” केलं. मामंजींना वाटलं पीळ कमी पडतोय, त्यांनी चाक आणखी जोरात फिरवलं.

“अगं, म्हणावं बाही, बाही गेली!”

सदरा टर्रर्र करून खांद्यापासून फाटला. म्हातारबुवा एका हातानं उघडे, एका हातानं झाकलेले, चाकाजवळ थक्क होऊन उभे राहिले. त्यांची पांढरी बाही पेडाबरोबर पिळून गेली होती, तिला आता सोडवणार कोण.

वाटेच्या कडेला बसलेली भिंगरी, म्हणजे त्यांची नात, टाळ्या पिटून लोळायला लागली. पोर सहा-सात वर्षांची. बोलायला लागली की श्वास घ्यायला विसरायची, म्हणून आजोबांनीच तिला भिंगरी नाव ठेवलेलं.

“आई, तू आजोबांना सरळ का नाही सांगितलंस?”

“मोठ्यांना सरळ सांगायचं नसतं,” सून पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते. तिला हसू येत होतं आणि लाजेनं मरायलाही होत होतं.

“मग कसं सांगायचं?”

“असं. दुसऱ्या कशाला तरी सांगायचं. चांगल्या घरच्या मुली तसंच बोलतात.”

भिंगरीनं मान डोलावली. तिला हे नवीन नव्हतं, फक्त कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतले गुरुजी घरी आले. शाळेत नुकतेच बदलून आलेले, तरुण, बारीक, बोलताना चष्मा वर सरकवणारे. भिंगरी खेळायला गेली होती. नवऱ्यानं त्यांना बाजेवर बसवलं, मामंजी उंबऱ्याशी टेकले, सून दाराआड.

“कसं सांगू कळत नाही,” गुरुजी म्हणाले. “तुमची मुलगी बोलत नाही.”

“कोण?”

“तुमची मुलगी.”

“आमची भिंगरी?” नवरा उडालाच, आणि खांद्यात कळ आली म्हणून परत बसला. “गुरुजी, घर चुकलं तुमचं. आमचीला बोलती बंद करायला आम्ही गूळ देतो, आणि गूळ खाताना पण ती बोलते.”

“घर नाही चुकलं. मुलांशी खेळताना बोलते, ते मी लांबून पाहिलंय. पण मी विचारलं की मान फिरवते आणि काहीतरी पुटपुटते. मोठ्या माणसापुढं वाचाच जाते तिची.” गुरुजींनी चष्मा सरकवला. “पुढच्या आठवड्यात तपासनीस बाई येणार आहेत. मोठ्या शहरात बोलू न शकणाऱ्या मुलांची शाळा आहे. चांगली आहे. राहायची सोय तिथंच. बाईंनी शेरा मारला की पोरीला तिकडं पाठवावं लागेल. घरी यायचं सुट्टीत. मी आधी सांगायला आलो, एवढंच.”

मामंजी हातातला वाखाचा बोळा उगीच पिळत राहिले. पिळून पिळून त्याची सुतळी झाली.

त्या रात्री सुनेनं ताट तसंच बाजूला सारलं. पोर समोर बसून बकरीचं नाक कसं ओलं असतं ते सांगत होती, आणि तिच्या तोंडाकडं बघून सुनेच्या मनात येत होतं, ही उद्या इथं नसली तर या घरात आवाज कुणाचा?

सकाळी तिनं काम काढलं. शाळेच्या घंटेचा दोर झिजला होता, सगळ्या गावाला माहीत होतं. तिनं एक चांगला पिळदार दोर गुंडाळून घेतला आणि शाळेकडं निघाली. पण घंटेकडं न जाता वर्गाच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

आत गुरुजी विचारत होते, “भिंगरी, उठ बाळ. सात आणि पाच किती?”

भिंगरी उठली. तिनं गुरुजींकडं पाठ केली, वर्गाच्या मधल्या लाकडी खांबाकडं तोंड केलं आणि अदबीनं, हळू आवाजात म्हणाली, “खांबा, गुरुजींना म्हणावं, बारा.”

“बघा, परत खांबाशी!” पोरं खिदळली. “भिंगरी खांबाशी बोलते!”

गुरुजींना पोरांच्या गलक्यात बारा काही ऐकू आलं नाही. ते कळवळून म्हणाले, “बस बाळ, बस.”

खिडकीखाली सुनेला आधी हसू फुटलं. मग ते थांबलं. हे कुणी शिकवलं ते तिला कळलं. पोर मुकी नव्हती. पोर फार चांगल्या घरची होती.

ती वर्गाच्या दारात गेली. गुरुजी वळले. “काय हो?”

आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. गुरुजी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असतील, पण गुरुजी होते. तिनं तोंड उघडलं, मिटलं. सगळा वर्ग बघत होता. शेवटी तिनं हातातल्या दोराकडं बघितलं.

“दोरा,” ती म्हणाली, “गुरुजींना म्हणावं, पोर मुकी नाही. ती बारा म्हणाली. खांबाला म्हणाली. आमच्याकडं मोठ्यांशी असंच बोलतात. मीच शिकवलं तिला. तिची काही चूक नाही म्हणावं.”

गुरुजींनी दोराकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, मग भिंगरीकडं, मग खांबाकडं. चष्मा काढून पुसला. परत घातला. आणि त्या खांबामागं जाऊन उभे राहिले. नाक एका बाजूनं दिसत होतं, कोपर दुसऱ्या बाजूनं.

“नऊ आणि आठ?” खांबामागून आवाज आला.

“खांबा, म्हणावं सतरा!” भिंगरी ओरडली.

“चार नव्वे?”

“छत्तीस!”

“पावसाळ्यानंतर कोणता ऋतू?”

“हिवाळा! आणि खांबा, म्हणावं तुमच्या पाठीवर खडूची पावडर लागलीय, सकाळपासून!”

पोरं बाकांवर पडून हसली. गुरुजी हसता हसता खांबाला धरून खाली बसले. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती आणि ते पाणी कसलं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग गुरुजी बाहेर आले. त्यांनी दोर हातात घेतला आणि दोराकडंच बघून म्हणाले, “दोरा, ताईंना म्हणावं, उपकार झाले. मी वर्षभर खांबामागं उभा राहीन, मला काही कमीपणा नाही. पण तपासनीस बाई नाही राहायच्या. त्यांच्यासमोर तिला सरळच बोलावं लागेल. ते तुम्ही बघा.”

घरी सुनेनं पोरीला पुढ्यात घेतलं. नवरा बाजेवर, मामंजी पलीकडच्या खोलीत.

“हे बघ, गुरुजींशी, त्या तपासायला येणाऱ्या बाईंशी सरळ बोलायचं. नाहीतर तुला शहरातल्या मुक्या मुलांच्या शाळेत पाठवतील. तोंडाकडं बघून.”

“मोठ्यांशी सरळ बोलायचं नसतं. तूच म्हणालीस.”

“शाळेत चालतं.”

“मग घरी का नाही चालत?”

“घरी तू बोलतेसच की आजोबांशी.”

“मी नात आहे. तू का नाही बोलत?”

“मी सून आहे.”

भिंगरीनं विचार केला. “सुना मुक्या असतात?”

नवरा तोंडात पांघरुणाचा बोळा कोंबून हसायला लागला. भिंगरी मात्र घाबरून म्हणाली, “तुला पण पाठवतील गं त्या शहरातल्या शाळेत.” “आपण दोघी जाऊ. बकरीला पण नेऊ. पण मी नाही बोलणार त्या बाईंशी. तू बोलत नाहीस तर मी पण नाही.”

पलीकडच्या खोलीत मामंजी खाकरले. पण भिंतीलाही त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढचे दिवस काम चालू राहिलं, पण वाटेवर पहिल्यासारखी मजा राहिली नाही. मामंजी चाकाला हाक मारायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. सुनेनंही बकरीला फारसं सांगितलं नाही. दोघं नुसती दोराच्या ताणावरून एकमेकांचं ओळखून घेत होती. बोटांना वाख कापत होता, उन्हानं पाठ भाजत होती, आणि तपासनीस बाईंचा दिवस जवळ येत होता.

आदल्या दिवशी सून वाखाचा भारा आणायला कुडामागं गेली, तेव्हा चाकाजवळ आजोबा आणि नात बसलेली तिला दिसली. ती थांबली. चोरून ऐकायचं नव्हतं, पण पाय हललेच नाहीत.

“भिंगरे,” मामंजी म्हणत होते, “तू उद्या त्या बाईंच्या तोंडाकडं बघून बोल.”

“आजोबा, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते.”

“तुम्हाला? कशाची?”

मामंजींनी हनुवटीनं वाटेच्या त्या टोकाकडं दाखवलं. भिंगरीनं तिकडं बघितलं. तिथं बकरीच होती.

“बकरीची?”

“बकरीची नाही गं वेडे. तुझ्या आईशी बोलायची. इतकी वर्षं झाली. आता काय म्हणून हाक मारू, तेच कळत नाही.” त्यांनी नातीचा हात हातात घेतला. “तू उद्या बोललीस ना, तर मीही बोलेन. तुझ्या आईशी. सरळ.”

“शपथ?”

“शपथ.”

“चाकाला नका सांगू. माझ्याकडं बघून सांगा.”

म्हाताऱ्यानं मान वळवली, नातीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, “शपथ.”

सून भारा न घेताच परत फिरली. संध्याकाळी दिवा लावताना तिनं देवाला काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक. पण त्या दिवशी हात जोडून ती बराच वेळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी नवरा पोरीला शाळेत घेऊन गेला. इकडं शेवटचा दोर राहिला होता. मामंजींनी चाक धरलं, सुनेनं कमरेला वाख बांधला. कुणाचंच लक्ष कामात नव्हतं. पेड दोनदा तुटला. मामंजी गाठ मारायचे आणि रस्त्याकडं बघायचे. सून वाख सोडायची आणि रस्त्याकडं बघायची.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्यावर धूळ उडाली. पुढं भिंगरी, मागं गळ्यातला हात सांभाळत धावणारा तिचा बाप, त्याच्या मागं गुरुजी.

“बोलले!” ती लांबूनच ओरडली. “आई, बोलले! सरळ! बाईंच्या तोंडाकडं बघून! त्यांच्या हनुवटीवर तीळ आहे, मी आधी तिळाकडं बघितलं, मग डोळ्यांकडं!”

ती आईच्या कमरेवर येऊन आदळली, वाखात गुरफटली. सगळं एका दमात. “बाईंनी विचारलं, घरी काय करतात, मी म्हटलं दोर, त्या म्हणाल्या कसला दोर, मी म्हटलं दावं, कासरा, नाडा, चऱ्हाट, मग त्या म्हणाल्या पुरे, मी म्हटलं अजून आहेत...”

“पुरे म्हणायची वेळ आली बाईंवर,” गुरुजी धापा टाकत म्हणाले. “तिकडं पाठवायची काही गरज नाही म्हणाल्या. उलट मला विचारलं, ही वर्गातही एवढी बोलते का, मग बाकीची मुलं कधी बोलतात?”

नवरा मटकन बाजेवर बसला आणि एका हातानंच टाळी वाजवल्यासारखं मांडीवर थापटत राहिला. सुनेनं पोरीच्या केसांत तोंड खुपसलं. केसांना खडूचा वास येत होता.

भिंगरी आईच्या हातातून सुटली आणि वाटेवरून पळत दुसऱ्या टोकाला गेली. आजोबांसमोर उभी राहिली. कमरेवर हात.

“आता तुमची पाळी.”

मामंजींनी चाकाकडं बघितलं. मग म्हणाले, “हा दोर होऊ दे.”

“आजोबा!”

“अगं, अर्धा पेड लोंबतोय. तो तरी पुरा करू दे.”

तो पेड पुरा झाला. तिन्ही पेड एकत्र पिळून दोर झाला. सुनेनं आपल्याकडचं टोक खुंट्याला पक्कं बांधलं. दोर ताठ, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला राहिला. दरवेळी दोर असा ताणला, की नवराच दोराच्या कडेकडेनं चालत जायचा, हात फिरवून तपासायचा. आज तो उठायला गेला तेव्हा गुरुजींनी त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला. तो बसला.

मामंजींनी चाकाची मूठ खाली अडकवली. हौदाजवळ जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. तोंडावर पाणी मारलं. सदऱ्याला हात उलटसुलट पुसले. सदऱ्याची वरची गुंडी लावली. ओठ हलत होते, काहीतरी शब्द जुळवून बघत होते. एक टाकून दुसरा.

सुनेनं कमरेचा वाख सोडायला गाठ धरली आणि ती सुटेना, म्हणून तशीच उभी राहिली. भिंगरी तोंडावर दोन्ही हात दाबून गप्प होती, जन्मात पहिल्यांदा.

मग म्हाताऱ्यानं एक हात ताणलेल्या दोरावर ठेवला आणि मान वर करून, सरळ सुनेकडं बघत, वाटेवरून त्या टोकाकडं चालायला सुरुवात केली.